‘एक’ म्हणजे काय? पिंपळे सौदागरची मोजणी आणि मानवी भूगोलाचे पहिले धडे

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "सर, मानवी भूगोलात संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करायची? प्रश्नावली कशी तयार करायची?" प्रश्न रास्त आहे, पण प्रश्नावली ही तिसरी-चौथी पायरी झाली. तिच्या आधी एक काम असतं. ते आपण बहुतेक वेळा करतच नाही आणि मग सगळं संशोधन त्यातच फसतं. ते काम कोणतं, हे मी व्याख्या देऊन सांगणार नाही. एका गावाची गोष्ट सांगतो, त्यातून ते आपोआप समोर येईल.

गाव आहे पिंपळे सौदागर. पुण्यातल्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. आज पिंपळे सौदागर म्हटलं की पंधरा-वीस मजली सोसायट्या, मॉल, हिंजवडीला जाणाऱ्या बस आणि संध्याकाळचं ट्रॅफिक. शंभर वर्षांपूर्वी हे पुण्याजवळचं, पवना नदीच्या काठचं एक साधं शेतकरी गाव होतं. आणि भारतातल्या गावांच्या शास्त्रीय अभ्यासाचा इतिहास लिहिला, तर पहिल्या काही पानांत या गावाचं नाव घ्यावंच लागतं. १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतलं पहिलं पुस्तक याच गावावर निघालं. लेखक डॉ. हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य.

मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडातल्या यॉर्क शहरातले. भारतात आले ते चहाच्या मळ्यांचे शास्त्रीय अधिकारी म्हणून, आणि १९०७ मध्ये पुण्याला. रसायनशास्त्रज्ञ माणूस गावातल्या कर्जाची आणि वाटण्यांची चौकशी करायला का निघाला? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१८८० च्या दशकाच्या शेवटी चार्ल्स बूथ या व्यापाऱ्याने लंडनच्या गरिबीची पाहणी सुरू केली आणि रस्त्यारस्त्याला रंग देऊन नकाशे काढले. अगदी हलाखीच्या वस्तीला काळा, त्याहून बऱ्या वस्तीला निळ्याच्या दोन छटा, मग जांभळा, गुलाबी, लाल, आणि धनिकांच्या रस्त्यांना पिवळा. मानवी भूगोलाच्या विद्यार्थ्याने हे नकाशे एकदा तरी बघावेत. पण बूथची बरीचशी माहिती घरोघरी जाऊन गोळा केलेली नव्हती. शाळेच्या हजेरीसाठी घरोघर फिरणारे जे अधिकारी होते, त्यांना विचारून ती मिळवलेली होती. म्हणजे माहिती घराची, पण तोंड दुसऱ्याचं.

मग आला सीबोम राउंट्री. त्याने यॉर्कमधल्या मजूरवर्गाच्या घरोघर तपासनीस पाठवले. ११,५६० कुटुंबं, ४६,७५४ माणसं. १९०१ मध्ये पुस्तक आलं आणि खळबळ उडाली, कारण शहराच्या लोकसंख्येपैकी २७.८४ टक्के लोक गरिबीत आहेत असं त्यात होतं. हा आकडा सगळे सांगतात. पण त्याच्या पोटात दोन आकडे आहेत. ज्यांचं उत्पन्नच शरीर धड राखायला पुरत नाही असे होते ९.९१ टक्के. उरलेल्या १७.९३ टक्क्यांचं उत्पन्न कागदावर पुरेसं होतं, पण घर बघितल्यावर, माणसं बघितल्यावर तपासनिसाला वाटलं की इथे दारिद्र्य आहे. म्हणजे शहर एक, वर्ष एक, माणसं तीच. गरिबी दहा टक्के म्हणायची की अठ्ठावीस? ते ‘गरीब’ कुणाला म्हणायचं, यावर ठरलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच पद्धतीने मॅननी इंग्लंडात बेडफर्डशरमधल्या रिजमाउंट नावाच्या खेड्याचा अभ्यास केला होता. पद्धत हातात होती, आणि पुण्यात आल्यावर समोर दख्खनचं खेडं होतं. लंडनच्या गल्लीतून यॉर्कच्या चाळीत, तिथून इंग्लिश खेड्यात आणि तिथून पिंपळे सौदागरच्या शिवारात, असा हा पद्धतीचा प्रवास आहे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण ती नेहमी गाळली जाते. पुस्तक मॅनच्या नावावर ओळखलं जातं, पण त्यावर सहकाऱ्यांचीही नावं आहेत. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आणि इतर. शेतकी कॉलेजातली ही मराठी माणसं. पाटलाशी बोलणं, कुणब्याच्या ओसरीवर बसून त्याला बोलतं करणं, मोडीतले जुने कागद समजून घेणं, यांतलं किती या मंडळींच्या अंगावर पडलं असेल याचा तुम्हीच विचार करा. पुढच्या पुस्तकात तर कानिटकरांचं नाव मॅनच्या बरोबरीने, जोडलेखक म्हणून आलं. क्षेत्रकार्य एकट्याचं कधीच नसतं. तुमच्या प्रबंधात दुभाषा, वाट दाखवणारा कोतवाल, ओळख करून देणारा मास्तर यांचा उल्लेख नसेल, तर तो प्रबंध अर्धा खोटा असतो असं माझं मत आहे.

आता मोजणीकडे वळू. १९१४-१५ ची स्थिती अशी: गावात १५६ जमीनमालक, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे ७२९. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान, आणि ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान. पाव एकर म्हणजे दहा गुंठे.

बघा, एका मालकाचे सरासरी साडेचार-पाच तुकडे, तेही शिवारभर विखुरलेले. आणि इथेच पहिला प्रश्न येतो. ‘एक शेत’ म्हणजे काय? सर्व्हे नंबर? इंग्रजांनी १८३६ पासून, म्हणजे गोल्डस्मिड आणि विंगेटनी इंदापुरात मोजणी सुरू केली तेव्हापासून, जमिनीला सर्व्हे नंबर दिले. पण एका नंबरात चार भावांचे चार पोटहिस्से असू शकतात. मग पोटहिस्सा म्हणजे शेत का? की खातं? की एक माणूस प्रत्यक्षात जेवढं कसतो तेवढं? यातला कोणताही एकक धरला तरी आकडा वेगळा येतो. आणि प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा असतो!

मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा क्षेत्रकार्याला गेलो, तेव्हा छापील प्रश्नावली घेऊन एका आजोबांपुढे बसलो. पहिलाच प्रश्न: "तुमची जमीन किती?" आजोबांनी तंबाखू मळली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कागदावरची सांगू, का कसायची सांगू?" माझ्या प्रश्नावलीत चौकोन एकच होता. मी निमूटपणे कागदावरची लिहून घेतली. गावातनं परत आल्यावर कळलं की बहिणींचे हिस्से, चुलत्याकडून वाट्याने घेतलेलं रान, गहाण पडलेली पट्टी, हे सगळं त्या एका चौकोनाबाहेर राहिलं. शंभर घरांची माहिती गोळा केली होती. निम्मी परत जाऊन विचारावी लागली. तेव्हा मोजायला लागण्याआधी ‘एक’ म्हणजे काय ते ठरवणं, आणि ठरवलेलं लिहून ठेवणं, हे ते काम. सुरुवातीला ज्याला मी प्रश्नावलीच्या आधीचं काम म्हणालो, ते हेच.

मॅनना हे कळत होतं. म्हणून त्यांनी नुसता आजचा आकडा दिला नाही, जुन्या कागदांपर्यंत गेले. त्यांच्या हिशोबात एका खातेदाराची सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. शिवाय त्यांनी नोंदवलं की ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आतली आहेत आणि ६० टक्के तर पाच एकरांच्याही आतली.

हे आकडे पुढे देशभर गाजले. इंग्रजी राज्याने शेतकरी कसा खिळखिळा केला, याचा पुरावा म्हणून ते वारंवार दिले गेले. इंग्रजी राजवटीने शेतकऱ्याचं नुकसान केलं यात मला शंका नाही. पण पुरावा वाचायला शिकायचं तर सोयीचा पुरावाही तपासावा लागतो. या मालिकेतली सर्वांत मोठी घसरण कुठे आहे? ४० वरून साडेसतरा, म्हणजे १७७१ ते १८१८. तेव्हा तर पुण्यात पेशवे होते! पुढची घसरण, १४ वरून ७, व्हायला पंचाहत्तर वर्षांच्या वर लागली.

मग पेशवाईच्या शेवटच्या पन्नास वर्षांत गावाची जमीन इतकी वाटली गेली का? असेलही. पण दुसरीही शक्यता आहे. जुन्या दख्खनी गावात मिरासदाराला ‘थळकरी’ म्हणत. थळ म्हणजे एका घराण्याच्या नावाने चालत आलेला जमिनीचा मोठा वाटा. कागदावर नाव एका घराण्याचं, पण आत कसणारे भाऊबंद किती, ते कागद सांगेलच असं नाही. १७७१ चं ‘खातं’ आणि १९१४ चं ‘खातं’ ही एकच वस्तू नसेल, तर आपण आंबे आणि आंब्यांच्या पेट्या एकाच रांगेत मोजतोय. त्यात जुनी मापं बिघ्यांची आणि चावरांची, त्यांचे एकर करायचे. तिथेही हात सरकू शकतो. मॅनचे आकडे फेकून द्या असं मी म्हणत नाही. पहिला आकडा आणि शेवटचा आकडा यांच्या एककांत काय फरक असू शकतो, ते शेजारी लिहा, एवढंच.

आता जमिनीवर उतरू. इतके तुकडे का पडले? कचेरीत बसलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं: हिंदू वारसाहक्क, भावाभावांची भांडणं, शेतकऱ्याचं अज्ञान. यात तथ्य नाही असं नाही. पण शिवारफेरी करा. नदीकाठची काळी एक, तिच्यावरचा मध्यम रानाचा पट्टा दुसरा, वर मुरमाड माळ. विहीर एकीकडे, गावठाण दुसरीकडे. तीन भावांना सारखा वाटा द्यायचा तर एकाला सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळा माळ देऊन चालेल का? म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे तीन तुकडे होतात. पाऊस ज्या वर्षी दगा देतो त्या वर्षी काळी तारते, आणि अति झाला तर माळ तारतो. तुकडे म्हणजे नुकसान हे खरं. नांगर-बैल घेऊन इकडून तिकडे फिरण्यात दिवस जातो, बांधांत जमीन जाते, राखण होत नाही. पण तुकडे म्हणजे एक प्रकारचा विमाही आहे. ही दुसरी बाजू सातबाऱ्यावर दिसत नाही, शेतकऱ्याबरोबर बांधावरून चालल्यावर दिसते. मातीचा नकाशा आणि मालकीचा नकाशा एकावर एक ठेवून बघणं, हा मानवी भूगोलाचा अगदी प्राथमिक धडा. तो रसायनशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून मिळावा यात मला काही आश्चर्य वाटत नाही. माती त्यांना कळत होती.

मॅननी १०३ कुटुंबांचा जमाखर्चही तपासला. एक किमान राहणीमान ठरवलं आणि विचारलं, कुणाला ते परवडतं? निव्वळ स्वतःच्या शेतीवर भागत होतं फक्त ८ कुटुंबांचं. बाहेरच्या मजुरीची जोड देऊन आणखी २८ कुटुंबांचं भागत होतं. उरलेल्या ६७ कुटुंबांचं दोन्ही मिळूनही भागत नव्हतं. आणि ही बाहेरची मजुरी म्हणजे मुख्यतः जवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. गाव शेतीचं, पण चूल कारखान्यावर. पिंपळे सौदागर आज ‘शहर’ झालं म्हणतात, त्याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या या आकड्यांत दिसते.

इथे सरळ निष्कर्ष काय निघाला? जमीन अपुरी, म्हणून कुटुंब गरीब. तेव्हा जमिनीचे तुकडे जोडा, खाती मोठी करा. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातले कीटिंग आधीपासून हेच म्हणत होते. त्यांच्या लेखी ‘परवडणारी’ जमीन म्हणजे ज्यावर एक कुटुंब खर्च वजा जाता बऱ्यापैकी सुखाने राहू शकतं तेवढी.

१९१८ साली यावर एक लेख आला. लेखक होते भीमराव आंबेडकर, त्याच वर्षी मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झालेले. विषय: भारतातल्या लहान धारणजमिनी आणि त्यावरचे उपाय. त्यांनी मॅन-कीटिंग यांचे आकडे खोटे ठरवले नाहीत, एककावर बोट ठेवलं. तुम्ही जमीन परवडते की नाही हे खाणाऱ्या तोंडांवरून ठरवता, असं त्यांचं म्हणणं. शेती हा धंदा आहे. तो परवडतो की नाही हे उत्पादनावरून ठरेल, म्हणजे जमिनीशी भांडवल, अवजारं आणि मजूर यांचं प्रमाण काय, यावरून. आणि मग ते जवळजवळ उलटं टोक गाठतात: शेतकऱ्याकडे बैल-अवजारं इतकी तुटपुंजी आहेत की त्या मानाने त्याचं शेत लहान नाही, मोठंच आहे! खरा प्रश्न शेतीवर रिकाम्या बसलेल्या हातांचा, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंदे. नुसते तुकडे जोडून ते हात कुठे जाणार?

हा लेख मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. दुसऱ्याच्या आकड्यांवर टीका कशी करावी, याचा इतका स्वच्छ नमुना मराठी माणसाने लिहिलेल्या समाजशास्त्रीय लेखनात कमीच सापडेल. आणि हे नुसतं पुस्तकी नव्हतं. १९२७ मध्ये लहान जमिनींबद्दलचं विधेयक मुंबई कौन्सिलात आलं तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, बाबासाहेबांनी उभं राहून विरोध केला. त्यांचा रोख असा की खाती मोठी करण्याच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीन होईल, त्यापेक्षा सहकारी शेती करा. विरोध चहूबाजूंनी होता आणि विधेयक बारगळलं.

तरी विचार मेला नाही. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झालाच. तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे त्यांना ‘सर्व्हे नंबर’ आणि ‘गट नंबर’ हा घोळ माहीत असेल. तो गट नंबर या एकत्रीकरण योजनेतून आला. गटाचा नकाशा एक सांगतो, जुना सर्व्हे नंबर दुसरं, आणि बांधावर तिसराच कसतोय. या तफावतीवरून चुलत्या-पुतण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्यात. कायद्याने ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवलं, त्याहून लहान तुकडा विकायला मनाई केली. पण गरज काही थांबली नाही, म्हणून लोक एक-दोन गुंठे साध्या कागदावर घेत राहिले, घर बांधत राहिले आणि नावावर काही नसायचं. २०२३ मध्ये राज्याने हे क्षेत्र खाली आणलं: जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. मॅननी ज्याच्या खालचे तुकडे चिंताजनक म्हणून वेगळे मोजले, बरोबर तोच आकडा २०२३ मध्ये बागायतीचं अधिकृत प्रमाण ठरला.

मॅनच्या पुस्तकातलं एक राहिलं. एका गावावरून दख्खनविषयी बोलायचं का? ही शंका त्यांनाच होती. पिंपळे सौदागर पुण्याच्या फार जवळ, कारखान्याच्या सावलीत. म्हणून दुसरा अभ्यास शहरापासून दूरच्या, कोरडवाहू गावाचा केला: जातेगाव बुद्रुक. १९२१ मध्ये, कानिटकरांबरोबर. आपल्या निष्कर्षाला जिथे धक्का बसू शकेल अशी जागा आपणच शोधून तिथे जायचं. हे आजही फार थोडे लोक करतात. दुसरं गावही तसंच मिळेल असं ज्याला आधीच वाटतं, तो मुळात जातच नाही.

परत जाण्याचीही एक परंपरा आहे. मद्रासला गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ च्या सुमाराला आपल्या विद्यार्थ्यांनाच सुट्टीत आपापल्या गावांची पाहणी करायला लावलं. त्याचं पुस्तक १९१८ चं. त्यातल्या गावांत १९३० च्या दशकात आणि त्यानंतरही संशोधक पुन्हा गेले. आपल्याकडे तर त्याआधीची गोष्ट आहे. पेशवाई संपल्यावर लगेच, १८१९ मध्ये, कोट्स नावाच्या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणीचं वर्णन लिहिलं, आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच लोणीकंदला जाऊन काय बदललं ते बघितलं. पुस्तक १९६० चं.

आणि यादीत कोण नाही, तेही विचारा. खातेदारांच्या यादीत भूमिहीन नसतो. बाई बहुधा नसते, रान तिच्याच हाताने निंदलं जात असलं तरी. मॅनना निदान पहिल्या गोष्टीची जाण होती. महारांविषयी आणि पुण्यातल्या अस्पृश्य वस्तीविषयी त्यांनी वेगळे लेख लिहिले. पण वेगळे. जमिनीच्या हिशोबात ती माणसं आली असती तर सरासरी ७ एकर राहिली असती का, हे गणित तुमच्यावर सोडतो.

पुढच्या शनिवारी आपण हॉलमध्ये भेटणार नाही. सकाळी साडेसातला पिंपळे सौदागरच्या गावठाणात, मारुतीच्या देवळाशी. जुनं गावठाण अजून आहे, सोसायट्यांच्या मध्ये दबलेलं. येताना प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या गावातल्या एका जमिनीचा सातबारा आणि आठ-अ काढून आणा, ऑनलाइन मिळतो. आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्या जमिनीला घरात काय म्हणतात ते लिहून आणा, मळई, पट्टी, आंब्याखालचं, जे असेल ते. प्रश्नावली आणू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ, मागे माइक द्या कुणीतरी.